मूकपटांचा सम्राट, बोलपटाचा पहिला नायक : मास्टर विठ्ठल

दिनांक १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत गिरगावातील मॅजेस्टिक सिनेमागृहासमोर उसळलेली गर्दी आवरण्यासाठी पोलिसांना पाचारण करावे लागले. चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात पाच रुपयांपर्यंत चढले होते. त्या दिवशी भारतीय चित्रपट प्रथमच बोलणार होता. ‘आलम आरा’ हे त्या चित्रपटाचे नाव आजही सामान्यज्ञानाच्या प्रत्येक पुस्तकात सापडते. निर्माते-दिग्दर्शक अर्देशीर इराणी यांचे नाव अनेकांना ठाऊक असते, नायिका जुबेदा यांचेही काहींना आठवते. पण नायक कोण, या प्रश्नाशी बहुतेक जण थबकतात. तो नायक मराठी होता, त्या काळातील सर्वाधिक मानधन घेणाऱ्या नटांमध्ये त्याची गणना होत होती आणि त्याच्या नावावर चित्रपटगृहे भरत होती. त्याचे नाव मास्टर विठ्ठल.

नाटक मंडळ्यांच्या भरभराटीच्या काळात विठ्ठल यांचे बालपण गेले. गावोगाव फिरणाऱ्या या मंडळ्यांमध्ये लहान मुलांना घेतले जाई. पाठांतर, गाणे, नाच, तलवारीचे हात, पडेल ते काम करण्याची तयारी असे सारे शिक्षण तेथेच होई. राजापूरकर नाटक मंडळीत बालनट म्हणून विठ्ठल रंगभूमीवर आले. नावामागे लागलेली ‘मास्टर’ ही उपाधी त्याच परंपरेतील. बालनटांना ती लावली जाई आणि पुढे केस पिकले तरी ती सुटत नसे. शाळेच्या बाकावर जे शिकायचे, ते या मुलांना रंगपटात आणि प्रवासात शिकावे लागले. त्यातले काय मिळाले आणि काय राहून गेले, याचा हिशेब पुढे आयुष्यानेच मांडला.

त्याच सुमारास कोल्हापुरात एक वेगळीच शाळा उभी राहत होती. चित्रकार, शिल्पकार आणि यंत्रविद्येत निष्णात असलेले बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा तयार करून महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली होती. १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला आणि कोल्हापूरचे नाव देशभर झाले. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, बाबूराव पेंढारकर अशी पुढे दिगंत कीर्ती मिळवणारी माणसे याच कंपनीत घडली. येथे कोणाचे एकच काम ठरलेले नसे. सकाळी देखावा रंगवणारा माणूस दुपारी पडद्यावर भालदार होई आणि रात्री फिल्म धुण्याच्या खोलीत उभा राही. विठ्ठलही येथे आले ते प्रथम संकलनाच्या कामावर. चित्रित झालेल्या फिती कापून जोडण्याचे हे काम शांतपणे करता करता, कोणती हालचाल पडद्यावर ठसते आणि कोणती वाया जाते, हे त्यांच्या नजरेला सहज कळू लागले असावे.

१९२४ साली बाबूराव पेंटरांनी ‘कल्याण खजिना’ हा शिवकालीन कथानकावरचा मूकपट काढला. त्यात विठ्ठल यांना भूमिका मिळाली, ती नर्तकीची! आजच्या वाचकाला याचे नवल वाटेल. पण १९१३ साली दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली होती. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचे धैर्य दाखवले, तरी स्त्रीवेषातील पुरुष पडद्यावरून लगेच नाहीसा झाला नव्हता. पुढे घोड्यावरून उड्या मारणारा आणि तलवार गाजवणारा नायक आरंभी घुंगरू बांधून पडद्यावर आला, ही त्या काळाची एक गंमत म्हणावी लागेल. अर्थात नाचाचा पाय आणि तलवारीचा पाय यांत फार अंतर नसते. दोन्हींना तोल लागतो, ताल लागतो आणि श्वासावर ताबा लागतो.

कोल्हापूरहून विठ्ठल मुंबईला आले. नानुभाई देसाई आणि भोगीलाल दवे यांनी तेथे शारदा फिल्म कंपनी सुरू केली होती. पौराणिक आणि ऐतिहासिक विषयांवर नाव कमावणाऱ्या इतर संस्थांहून शारदाने निराळी वाट धरली. वेगवान, साहसाने भरलेले, मारामारी आणि पाठलाग यांनी प्रेक्षकाला खुर्चीच्या टोकावर बसवणारे चित्रपट ही तिची ओळख होती. १९२६ च्या ‘रतन मंजरी’त विठ्ठल नायक म्हणून पडद्यावर आले आणि पाहता पाहता ते या प्रकारच्या चित्रपटांचे अनभिषिक्त सम्राट झाले. अमेरिकेचा डग्लस फेअरबँक्स तेव्हा ‘मार्क ऑफ झोरो’ आणि ‘थीफ ऑफ बगदाद’ यांमुळे जगभर गाजत होता. विठ्ठल यांना लोक हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले.

मूकपटाचा तो काळ आज डोळ्यांसमोर आणणे सोपे नाही. पडद्याशेजारी पेटी आणि तबला वाजत असे. प्रसंगाप्रसंगांमध्ये दोन-तीन भाषांतील मजकुराच्या पाट्या येत. ज्याला वाचता येई तो ती पाटी मोठ्याने वाचून दाखवी आणि आजूबाजूचे निरक्षर प्रेक्षक कान देऊन ऐकत. गिरणीतला कामगार, गुजराती व्यापारी, कोकणातून आलेला गडी, पठाण, पारशी असे सारे एकाच अंधारात बसून एकाच नायकासाठी टाळ्या वाजवत. नायकाची मातृभाषा कोणती, हा प्रश्नच कोणाच्या मनात येत नसे. भिंतीवरून झेप घेणाऱ्या माणसाचे धाडस समजण्यास व्याकरण लागत नाही. तलवारीचा वार चुकवणाऱ्या खांद्याचा उच्चार शुद्ध की अशुद्ध, हे कोणी विचारत नाही. विठ्ठल यांची कला शरीराची होती आणि त्या पाच वर्षांत ती या देशातल्या प्रत्येक भाषेत कळत होती.

जगात इतरत्रही असेच घडत होते. जपानच्या चित्रपटसृष्टीचा पहिला मोठा नट ओनोए मात्सुनोसुके हा विठ्ठल यांच्याप्रमाणेच लहानपणी फिरत्या नाटक मंडळीतून आलेला. सामुराई योद्ध्यांच्या भूमिका करीत त्याने १९०९ पासून हजाराहून अधिक लहानमोठे चित्रपट केले. मोठ्या, भेदक डोळ्यांमुळे लोकांनी त्याला लाडके टोपणनावही दिले होते. जपानमध्ये मूकपट चालू असताना पडद्याशेजारी ‘बेन्शी’ नावाचा निवेदक उभा राही आणि सर्व पात्रांचे संवाद तोच म्हणे. नटाने फक्त दिसायचे, बोलायचे दुसऱ्याने. मात्सुनोसुके १९२६ साली वारला. योगायोग असा की त्याच वर्षी मुंबईत ‘रतन मंजरी’ पडद्यावर आला. जपानी नटाला मायक्रोफोनसमोर उभे राहण्याची वेळच आली नाही. विठ्ठल यांना ती आली.

१९२७ मध्ये अमेरिकेत ‘जॅझ सिंगर’ या चित्रपटात पात्रे बोलली, गायली आणि थोड्याच वर्षांत सारे चित्रपटविश्व ढवळून निघाले. मुंबईत इंपीरियल कंपनीचे अर्देशीर इराणी यांनी पहिला भारतीय बोलपट काढण्याचा निश्चय केला. जोसेफ डेव्हिड यांच्या लोकप्रिय पारशी नाटकाची कथा त्यांनी निवडली. नायकाच्या भूमिकेसाठी प्रथम मेहबूब खान या होतकरू तरुणाचा विचार झाला होता. पुढे ‘मदर इंडिया’ निर्माण करणारे मेहबूब खान ते हेच. परंतु एवढा पैसा गुंतवून काढलेल्या चित्रपटाला गर्दी खेचणारे नाव हवे, म्हणून इराणी यांनी मास्टर विठ्ठल यांना बोलावले. प्रेक्षक ज्याला केवळ पाहण्यासाठी येत होते, त्याला ऐकण्यासाठी तर धावतच येतील, असे गणित त्यामागे होते.

या निवडीतून एक मोठा वाद उभा राहिला. विठ्ठल शारदाशी कराराने बांधलेले होते. ते सोडून निघाल्यावर कंपनीने त्यांना न्यायालयात खेचले. त्या काळी नट हा कंपनीचा महिनेवारी पगारदार असे. कंपनी बदलणे म्हणजे जवळजवळ बंड होते. विठ्ठल यांची बाजू मांडण्यास उभे राहिले ते मुंबईतील नामांकित बॅरिस्टर महंमद अली जिना. खटल्याचा निकाल विठ्ठल यांच्या बाजूने लागला आणि ते इंपीरियलमध्ये दाखल झाले. एका चित्रपट-नटासाठी जिनांसारखा वकील उभा राहावा, यावरून विठ्ठल यांच्या नावाचे त्या वेळचे मोल ध्यानात येते.

‘आलम आरा’ची निर्मिती हे एक दिव्यच होते. इंपीरियलचा स्टुडिओ रेल्वेमार्गाच्या अगदी जवळ होता. दिवसभर गाड्यांचा खडखडाट चाले आणि तो टिपणाऱ्या ध्वनियंत्रास थांबवण्याचा उपाय नव्हता. म्हणून चित्रीकरण रात्री, गाड्या बंद झाल्यावर, पहाटेपर्यंत चाले. पार्श्वगायनाची कल्पनाही तेव्हा नव्हती. वादकांना कॅमेऱ्याच्या दृष्टिआड लपवावे लागे, मायक्रोफोन कुठेतरी झाकून ठेवावे लागत आणि नटाने त्यांच्याच रोखाने बोलावे लागे. धावणे, उड्या, झेपा यांना वाव उरला नाही. मायक्रोफोनपासून दोन पावले दूर गेले की आवाज हरवत असे. ज्या माणसाचे सारे कर्तृत्व हालचालीत होते, त्याला एका जागी उभे राहून बोलायचे होते आणि तेही मातृभाषेत नव्हे, तर पारशी रंगभूमीच्या वळणाच्या, उर्दूने नटलेल्या हिंदुस्थानीत.

येथे विठ्ठल यांची अडचण झाली. ती भाषा त्यांच्या जिभेवर नव्हती. त्यातून जी वाट काढण्यात आली, ती विलक्षण होती. कथेतील राजपुत्राचा प्राण एका कंठहारात गुंतलेला आहे आणि तो हार दुसऱ्याच्या हाती पडला की राजपुत्र मृतवत होतो. या कथासूत्राचा लाभ घेऊन नायकाला बराच काळ मूर्च्छेत किंवा अर्धवट शुद्धीत दाखवण्यात आले, असे चित्रपटाचे इतिहासकार सांगतात. भारताच्या पहिल्या बोलपटाचा नायक बहुतांश मुकाच राहिला! सेनापती आदिलच्या भूमिकेतील पेशावरचे तरुण पृथ्वीराज कपूर यांचा खर्जातला आवाज मात्र प्रेक्षागृहात घुमला. तोच आवाज त्यांना पुढे चार दशके पुरला.

चित्रपट आठ आठवडे गर्दीत चालला. विठ्ठल यांचे नाव इतिहासात कायमचे नोंदले गेले आणि त्याच क्षणी त्यांच्या वैभवाच्या उताराला प्रारंभ झाला. १९३१ मध्येच सागर कंपनीच्या ‘मेरी जान’ या बोलपटात ते पुन्हा जुबेदा यांच्याबरोबर दिसले. पण आता निर्मात्यांना गाणारे, शुद्ध उच्चारांचे नट हवे होते. अनेक मूकपट-कलावंतांवर हीच वेळ आली होती. इंपीरियलचीच लोकप्रिय नायिका सुलोचना, म्हणजे रुबी मायर्स, यांनी काम थांबवून हिंदुस्थानीचे शिक्षण घेतले आणि १९३२ च्या ‘माधुरी’मधून त्या पुन्हा पडद्यावर आल्या. तिकडे अमेरिकेत पहिले ऑस्कर मिळवणारे एमिल यानिंग्ज इंग्रजी बोलपट येताच मायदेशी जर्मनीला परतले. भाषेच्या या परीक्षेत कोणी अभ्यास करून उत्तीर्ण झाले, तर कोणी आपल्या भाषेच्या आश्रयाला गेले. विठ्ठल दुसऱ्या वाटेने गेले.

या ठिकाणी मद्रासची एक गोष्ट सांगणे उचित ठरेल. ‘आलम आरा’नंतर काही महिन्यांतच इराणी यांनी दक्षिणेसाठी ‘कालिदास’ हा बोलपट काढला. एच. एम. रेड्डी त्याचे दिग्दर्शक होते. ‘आलम आरा’साठी उभारलेले देखावेच पुन्हा वापरून, त्याच स्टुडिओत तो चित्रित झाला आणि ३१ ऑक्टोबर १९३१ रोजी मद्रासच्या किनेमा सेंट्रलमध्ये झळकला. पहिला तमिळ बोलपट म्हणून त्याची नोंद होते. परंतु त्यात नायिका टी. पी. राजलक्ष्मी तमिळमध्ये बोलत होत्या, नायक तेलुगूत उत्तर देत होता आणि आणखी एक पात्र हिंदीत बोलत होते. ज्याला जी भाषा येई ती त्याने बोलावी, अशी मोकळीक तेथे होती आणि मद्रासच्या प्रेक्षकांनी ती आनंदाने स्वीकारली. तीच वास्तू, तेच देखावे, तेच वर्ष. ही मोकळीक विठ्ठल यांना मिळाली असती, तर पहिल्या बोलपटात काही वाक्ये मराठीतही ऐकू आली असती. ‘आलम आरा’ आणि ‘कालिदास’ या दोन्ही चित्रपटांत छोटी कामे करणारा एक तेलुगू तरुण पुढे मद्रासला येऊन मोठा दिग्दर्शक आणि निर्माता झाला. ते म्हणजे एल. व्ही. प्रसाद. अण्णानगरहून वडपळणीकडे गेल्यास त्यांच्या नावाचा स्टुडिओ आजही त्या दिवसांशी चेन्नईचे नाते सांगतो.

विठ्ठल मराठीकडे वळले तेव्हा मराठी बोलपट नुकताच उभा राहत होता. १९३२ च्या फेब्रुवारीत प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला होता. महाराष्ट्र फिल्म कंपनीतील विठ्ठल यांचे जुने सहकारी आता स्वतः संस्थापक आणि दिग्दर्शक झाले होते. १९३३ साली विठ्ठल यांनीही दिग्दर्शनाची जबाबदारी घेतली. दादासाहेब तोरणे यांच्या सरस्वती सिनेटोनसाठी त्यांनी ‘औट घटकेचा राजा’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘आवारा शहजादा’ हे चित्रपट दिग्दर्शित केले. राजपुत्र आणि त्याच्यासारखाच दिसणारा गरीब मुलगा यांच्या या कथेत शाहू मोडक यांनी दुहेरी भूमिका केली. भारतीय बोलपटातील ही पहिली दुहेरी भूमिका मानली जाते. स्वतःला पडद्यावर बोलणे जड गेलेल्या माणसाने दुसऱ्या तरुण नटाकडून एकाच चित्रपटात दोन माणसे बोलवून घेतली, ही गोष्ट त्यांच्या मनाचा मोठेपणा आणि माध्यमाची जाण दोन्ही सांगते.

पुढील काळात ऐतिहासिक मराठी चित्रपटांनी त्यांना साथ दिली. १९३४ च्या ‘छत्रपती संभाजी’त ते होते. भालजी पेंढारकर यांच्या ‘नेताजी पालकर’ (१९३९) आणि ‘बहिर्जी नाईक’ (१९४३) या चित्रपटांतही त्यांचे नाव आढळते. शिवकालाच्या या कथांमध्ये घोडा होता, तलवार होती, गडकोट होते आणि बोलायचे होते ते आपल्या मराठीत. भालजींच्या चित्रसृष्टीत त्यांच्या अंगच्या गुणांना पुन्हा जागा मिळाली. मात्र मूकपटाच्या दिवसांतले ते एकछत्री राज्य परत आले नाही. नायकाच्या भूमिकांवरून दुय्यम भूमिका आणि त्यांवरून छोटी कामे असा प्रवास होत गेला. एके काळी ज्यांच्या नावाने तिकीटबारी फुटत असे, ते आता श्रेयनामावलीच्या खालच्या ओळींत दिसू लागले. तरीही त्यांनी चेहऱ्याला रंग लावणे सोडले नाही.

१९६९ साली मास्टर विठ्ठल यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात अर्देशीर इराणी यांनीही जगाचा निरोप घेतला. भारतीय बोलपटाचा जनक आणि त्याचा पहिला नायक एकाच वर्षी काळाच्या पडद्याआड गेले. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज अस्तित्वात नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने खूप शोध घेतला, पण काही छायाचित्रांपलीकडे हाती काही लागले नाही. भारतात मूकपटांच्या काळात सुमारे तेराशे चित्रपट निघाले, त्यांतले अगदी मोजके टिकले. फिती सहज पेट घेणाऱ्या होत्या, त्यांतील चांदी काढून विकली जाई आणि जुना चित्रपट जपून ठेवावा असे कोणाला वाटत नसे. ज्याची कला फक्त पडद्यावर दिसण्यात होती, त्याचा पडदाच नाहीसा झाला. नाटककाराचे शब्द छापून राहतात, गायकाची ध्वनिमुद्रिका उरते. विठ्ठल यांच्या झेपा आणि तलवारीचे हात पाहिलेले डोळेही आता मिटले आहेत.

त्यांच्या आयुष्याकडे केवळ ऱ्हासाची कहाणी म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. फिरत्या नाटक मंडळीतून आलेला एक मुलगा संकलक झाला, नर्तकी झाला, साहसी नायक झाला, न्यायालयात आपल्या हक्कासाठी उभा राहिला, देशाच्या पहिल्या बोलपटाचा नायक झाला, दिग्दर्शक झाला आणि शेवटी लहान भूमिकाही त्याच निष्ठेने करीत राहिला. त्याच्या वाट्याला जे अपयश आले ते कष्टांच्या किंवा गुणांच्या अभावातून आलेले नव्हते. त्याची विद्या ज्या युगाला हवी होती ते युग पाच वर्षांत संपले आणि नव्या युगाने त्याला असा विषय विचारला, जो त्याला कधी शिकवलाच गेला नव्हता.

परमुलखात राहून मुलांना मराठीतून शिकवणाऱ्या पालकांना विठ्ठल यांच्या आयुष्यात ओळखीचे काही दिसेल. मातृभाषा हा माणसाचा आधार असतो. सर्व दारे बंद झाली तेव्हा विठ्ठल यांना मराठी चित्रपटानेच पुन्हा उभे केले. पण ज्या मुलखात काम करायचे त्या मुलखाची भाषाही जिभेवर यावी लागते. सुलोचना यांनी त्यासाठी थांबून शिकण्याचा कमीपणा मानला नाही. घरी मराठी, रस्त्यावर तमिळ आणि पुस्तकात हिंदी-इंग्रजी असा चौफेर सराव करणारी मुले म्हणूनच भाग्यवान आहेत. मायक्रोफोन कधी, कोणत्या भाषेत समोर येईल हे कोणालाच आधी कळत नाही.